वहिनी, एका पॅनेलचं किती?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. पत्र्याचं काम आमचे हे बघतात, रंगाचं धाकटे भावजी. इस्टिमेट लिहिणं, पार्ट मागवणं, विम्याच्या सर्व्हेअरशी बोलणं आणि गिऱ्हाइकाची बोलणी खाणं एवढं माझ्या टेबलावर येतं. गाडी दारात यायच्या आधी फोन येतो, "वहिनी, एका पॅनेलचं किती?" पॅनेल म्हणजे दार, बॉनेट असा गाडीच्या पत्र्याचा एकेक भाग. मी आकडा सांगते. लगेच पलीकडून, "आवो, शेजारचा दोन हजारात करतोय की!" करत असेल, खोटं नाही. पण दोन हजारातलं दार आणि साडेतीन हजारातलं दार ही दोन वेगळी कामं आहेत. गाडी ताब्यात घेताना दोन्ही सारखीच चकाकतात, फरक पुढच्या पावसाळ्यात कळतो. तेव्हा नुसता आकडा विचारू नका. काय विचारायचं ते सांगते.

पहिल्यांदा, रंग लागतोय का ते बघा. चरा दिसला की लोक थेट पॅनेल रंगवायला निघतात. चऱ्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकलं नाही तर चरा वरच्या पारदर्शक थरात आहे, म्हणजे क्लिअरमध्ये. तो रबिंग-पॉलिशने जातो, आणि आम्ही त्याचे चार-पाचशे घेतो. दुसऱ्या गाडीचा रंग आपल्या गाडीला लागलेला असतो, तो तर नुसता वर बसलेला असतो. मागच्या हंगामात एक गाडी आली, डाव्या अंगाला पुढून मागपर्यंत लालभडक पट्टा. मालक रडकुंडीला आलेले. निम्मा पट्टा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा रंग होता, रबिंगने निघाला. उरलेल्या निम्म्याचंच बिल झालं. घरी मात्र थिनरचा बोळा घेऊन बसू नका. गाडीला आधी कुणी स्वस्तातला एनसी रंग मारला असेल तर थिनरने तोही विरघळून बोळ्यावर येतो.

दुसरा प्रकार पोच्याचा. पार्किंगमध्ये कुणाचं दार लागलं, बॉनेटवर नारळ पडला, पत्रा आत गेला पण रंग तडकलेला नाही. असा पोचा आतल्या बाजूने सळ्या घालून हळूहळू उचलता येतो. त्याला पीडीआर म्हणतात, त्यात लांबीही (म्हणजे खड्डा भरायची पुटी) नाही नि रंगही नाही. हजार ते अडीच हजारात काम होतं आणि कारखान्यातला मूळ रंग तसाच राहतो. मूळ रंगासारखा रंग आम्हीच काय, कुणीही गॅरेजमध्ये देऊ शकत नाही. कारखान्यात नुसता बॉडीचा सांगाडा भट्टीत भाजतात. आमच्याकडे गाडी येते ती वायरिंग, सीट, प्लास्टिकसकट, आणि बूथचं, म्हणजे रंग मारायच्या बंद खोलीचं, तापमान ६० अंशांच्या आसपासच ठेवावं लागतं. म्हणून मूळ रंग वाचत असेल तर वाचवा, गॅरेजवाल्याचा धंदा गेला तरी चालेल.

नख अडकलं, पांढरं प्रायमर किंवा पत्रा दिसायला लागला, तर मग रंगाला पर्याय नाही. लगेच करणं जमत नसेल तर उघड्या पत्र्यावर निदान प्रायमरचा हात मारून घ्या. आमच्या पावसात उघडा पत्रा आठवड्याभरात तांबूस होतो. मग तो गंज घासून कोऱ्या पत्र्यापर्यंत जावं लागतं आणि तीन हजाराचं काम पाचावर जातं.

आता इस्टिमेट. ते एका ओळीत घेऊ नका. "डावी साइड पूर्ण, पंधरा हजार" हे इस्टिमेट नव्हे. डेंटिंगचे वेगळे, पेंटिंगचे वेगळे, पार्टचे वेगळे आणि काढ-घालीची मजुरी वेगळी असं लिहून मागा. वेगळं लिहिलं की माणूस विचार करून लिहितो. शिवाय पुढे विम्यात प्रत्येकाला वेगळा नियम लागतो, तेव्हा हीच फोड कामाला येते.

आमचे सध्याचे दर सांगते, म्हणजे अंदाज येईल. छोट्या गाडीचं एक दार साध्या पांढऱ्यात तीन हजार, मेटॅलिकमध्ये साडेतीन. मोतिया पांढरा किंवा काही लाल छटा असतात, त्यांना बेस, त्यावर मोत्याचा थर आणि मग क्लिअर असे तीन टप्पे लागतात. तिथे पाच हजार. बॉनेट आणि टप, म्हणजे छत, हे दीड पॅनेल धरतो, कारण क्षेत्र मोठं आणि आडवं, वर पडलेला धुळीचा बारीक कणही उठून दिसतो. मोठ्या एसयूव्हीला यावर हजार-दीड हजार चढवा. डेंटिंग पाचशेपासून सुरू होतं, चेपलेल्या दाराला दोन-अडीच हजारांपर्यंत जातं. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये हेच आकडे साधारण दीड ते दुप्पट लागतात. त्यात त्यांची जागा, बूथ, एसी लाउंज आणि कॉफी आली.

लोकांना वाटतं पैसे रंगाचे. एका दाराला बेस कोट पाव लिटरच्या आत-बाहेर लागतो, क्लिअरही तेवढाच. स्प्रे गन हातात घेतल्यावर भावजींना एक थर मारायला काही मिनिटं पुरतात. दोन दिवस जातात ते त्याआधी, आणि कमी दर सांगणारा नेमके हेच दोन दिवस कापतो.

पोचा काढायचा कसा, ते एकदा उभं राहून बघाच. आमचे हे आधी दाराचा आतला ट्रिम काढतात. हात जाईल तिथे आतून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून बाहेरून हातोडी. हात जात नाही तिथे पत्र्यावर छोटे वॉशर स्पॉट वेल्डिंगने चिकटवायचे आणि आकड्याने एकेक ओढायचं. ओढताना पोच्याच्या मधोमध ओढायचं नसतं, कडेपासून यायचं, नाहीतर पत्रा ताणला जातो आणि मग डबा वाजल्यासारखा टकटक करतो. मध्ये मध्ये ते तळव्याखाली मऊ फडकं घेऊन पत्र्यावरून लांबच लांब हात फिरवतात. डोळ्याला न दिसणारा उंचवटा फडक्याखाली लागतो. पत्रा जितका जागेवर आणला तितकी लांबी कमी. लांबी दोन-तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. पण पत्रा ओढायचा कंटाळा केला की पोचा तसाच ठेवून वर बोटभर लांबी थापतात. घासून रंग मारला की आरशासारखं दिसतं. पुढे उन्हाने पत्रा फुगतो-आक्रसतो, गाडी खड्ड्यात आपटते, आणि त्या लांबीला तडे जातात.

लांबीचा दुसरा घोळ पाण्याचा. लांबी पाणी पिते. ती पाणी मारून घासली की गुळगुळीत लवकर होते आणि धूळही उडत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी तसं करतात. ते पाणी आत राहतं, वरून प्रायमर आणि रंगाने कोंडलं जातं, आणि काही महिन्यांनी रंगाला बारीक फोड यायला लागतात. लांबी कोरडीच घासायची. आधी ८० नंबरच्या पेपरने, मग १८०, मग ३२०. त्यावर सरफेसर, म्हणजे रंगाआधीचा राखाडी प्रायमर, मारायचा, तो वाळला की मग ६०० किंवा ८०० चा पेपर पाण्यात भिजवून घ्या, तिथे चालतं. हार्डनरचंही तसंच. लवकर वाळावी म्हणून जास्त घातला की वरच्या रंगातून पिवळट डाग उठतो, पांढऱ्या गाडीवर तर लगेच.

म्हणून माझं गिऱ्हाइकांना एकच सांगणं असतं. गाडी टाकताना आणि नेताना दोनदाच येऊ नका. मध्ये एकदा या, सरफेसर मारलेला असताना. राखाडी रंगात पॅनेल उभं असतं, तेव्हा सगळं खरं दिसतं. घासणीच्या रेघा, बारीक भोकं, लाटा, सगळं. तेव्हा "इथं हात लागतोय" म्हटलं तर अर्ध्या तासाचं काम असतं. रंग झाल्यावर तेच सांगितलं तर पुन्हा पहिल्यापासून. जो गॅरेजवाला मध्ये येऊ देत नाही, त्याच्याकडे गाडी देऊ नका. मोबाइलवर फोटो पाठवतो म्हणाला तरी चालेल, पण प्रायमरचा हवा. रंगाचा फोटो सगळेच पाठवतात.

पार्ट बदलायचा की दुरुस्त करायचा, यावर वाद फार होतात. साधा हिशोब आहे. पुढचा फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, बोल्टवर असतो. मारुतीच्या छोट्या गाडीला तो दोन हजारांच्या आसपास मिळतो. त्याच्यावर दीड हजाराचं डेंटिंग करण्यात अर्थ नाही, बदला. मागच्या चाकावरचा क्वार्टर पॅनेल मात्र बॉडीला वेल्ड केलेला असतो, बदलायचा म्हणजे गाडी कापायची. कापलेल्या जागी कारखान्यासारखं गंजरोधक पुन्हा बसत नाही, आणि उद्या गाडी विकताना घेणारा नेमकं तिथेच बोट ठेवतो. तो शक्यतो ओढूनच घ्या, चार पैसे डेंटिंगला जास्त गेले तरी. दार या दोहोंच्या मधलं. नुसता पत्रा चेपला असेल तर दुरुस्त, पण आतली आडवी पट्टी वाकली असेल तर दार बदलायचं, कारण बाजूने ठोकर बसली तर तीच तुम्हाला वाचवते. बंपर प्लास्टिकचा. चीर छोटी असेल तर प्लास्टिक वेल्डिंग होतं, पण क्लिप अडकवायचे कान तुटले असतील तर नवाच घ्या. नाहीतर महिन्याभरात एक कोपरा लोंबायला लागतो. बंपर रंगवताना प्लास्टिकचा वेगळा प्रायमर मारणार का, एवढं विचारा. तो नसला की पहिल्या खडीच्या माऱ्यात रंग सालपटासारखा निघतो. आणि बंपरमागे रडार असलेली नवी गाडी असेल तर ती सरळ कंपनीतच न्या. तिथे लांबीचा जाड थर बसला की रडारला पुढचं नीट दिसत नाही.

पार्ट ओरिजिनल की लोकल? फेंडर, बंपर लोकल बसवला तर निम्म्यात येतो, पण फटी जुळत नाहीत आणि फिटिंगला अर्धा दिवस जास्त जातो. आम्ही सांगून बसवतो, न सांगता बसवणारेही आहेत. जुना पार्ट परत मागा. लाज वाटू देऊ नका, तुमचाच आहे.

रंग जुळण्याचं बोलू. गाडीचा कलर कोड दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. तो मिक्सिंगच्या दुकानात दिला की कॉम्प्युटरवर फॉर्म्युला निघतो. इथपर्यंत सोपं. पण फॉर्म्युला नव्या गाडीचा, आणि तुमची गाडी चार वर्षं उन्हात उभी. त्यात मेटॅलिक रंगात अॅल्युमिनियमचे बारीक कण असतात. गनचं प्रेशर आणि अंतर बदललं की ते वेगळे बसतात आणि तोच रंग तिरक्या नजरेने गडद दिसतो. म्हणून भावजी आधी एका पत्र्याच्या तुकड्यावर मारून, वर क्लिअर देऊन, तो तुकडा गाडीला लावून उन्हात बघतात. दाराचा रंग शेजारच्या पॅनेलवर थोडा फिका करत नेणं, त्याला ब्लेंडिंग म्हणतात. त्याचे हजार-बाराशे जास्त पडतात, पण चंदेरी आणि राखाडी गाडीला ते हवंच. इस्टिमेटमध्ये ब्लेंडिंग लिहिलंय का बघा. आणि रंग एनसी की टू-के, तेही लिहून घ्या. एनसी हवेवर वाळतो, स्वस्त पडतो, वर्षा-दोन वर्षांत फिका होतो. टू-केला हार्डनर लागतो आणि टिकतो. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा लागू शकतो. आमच्या भावजींना मास्क घाला म्हणून अजून ओरडावं लागतं, तो वेगळा विषय.

हवामानाचंही बघा. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या दमट हवेत, बूथ नसलेल्या शेडमध्ये मारलेला रंग धुरकटतो, क्लिअरमध्ये बुडबुडे राहतात. बूथ असेल तर काम कधीही करा. नसेल तर थांबा. पण थांबून सगळे दसऱ्याच्या तोंडावर येतात, खंडेनवमीला गाडीला हार घालायचा म्हणून. त्या पंधरवड्यात उद्यमनगरात गाडी उभी करायला जागा नसते आणि घाईत घासणीच पहिली कापली जाते. निवांत काम हवं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत या. हवा कोरडी असते. तेव्हा आमच्याकडे गर्दी फक्त ऊसवाल्यांची, म्हणजे ट्रॉलीतून बाहेर आलेल्या उसाने आणि लोखंडी दांड्याने घासलेल्या गाड्यांची. साखर कारखाने सुरू झाले की अरुंद रस्त्यावर दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना मागची ट्रॉली डुलते हे ध्यानात ठेवा. रात्री तर नादच नको.

आता विमा. इथे लोक सर्वांत जास्त पैसे घालवतात, आणि तेही फुकट मिळतंय असं समजून.

एक उदाहरण घेते. साडेतीन वर्षांची छोटी गाडी, एमएच ०९, ट्रॉलीने डावी बाजू घासलेली. फेंडर नवा २,०००. दोन दारांचं डेंटिंग २,५००. तीन पॅनेल मेटॅलिक रंग १०,५००. आरसा २,२००. काढ-घाल ८००. एकूण १८,०००, जीएसटी वेगळा. साधा कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा आहे, झिरो डेप, म्हणजे डेप्रिसिएशन न कापणारं कव्हर, नाही. कंपनी काय कापते बघा. पत्र्याच्या पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा, असतं, तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के, म्हणजे फेंडरवर ५००. प्लास्टिक-रबरवर वय काहीही असो ५० टक्के, म्हणजे आरशावर ११००. रंगात मजुरीवर काही नाही, फक्त मटेरियलवर ५० टक्के. पण बिल एकत्र असेल तर एकूण रंगकामाचा २५ टक्के भाग मटेरियल धरतात. १०,५०० चे २५ टक्के २,६२५, त्याचं निम्मं साधारण १,३००. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये आपलेच, त्यावरच्या इंजिनला २,०००. गोळाबेरीज, कंपनीकडून १४,१०० च्या आसपास आणि तुमच्या खिशातून ३,९००.

क्लेम करावा का? दुसरी बाजू मांडा. क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो. बोनस २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढत जातो. या गाडीला ३५ मिळतोय, पुढच्या नूतनीकरणाला ४५ मिळाला असता, मग ५०. क्लेम केल्यावर पुढच्या वर्षी शून्य, मग २०, २५, ३५, ४५. पाच वर्षांतला फरक मिळवला तर एका वर्षाच्या हप्त्याच्या १२० टक्के होतो. बोनस फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्यावर मिळतो, थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या, नाही. तो हप्ता समजा ६,००० असेल तर तोटा ७,२०० पर्यंत. गाडी जुनी होत जाईल तसा हप्ता उतरतो, म्हणून प्रत्यक्षात थोडा कमीच. १४,१०० मिळणार, सात हजार जाणार. इथे क्लेम करा.

तीच गाडी, पण नुसता बंपर खरचटलाय, रंगाचे ३,०००. मटेरियलचं डेप्रिसिएशन ३७५, आपले १,०००. हातात आले १,६२५ आणि बोनस गेला सात हजारांचा. हे असले क्लेम आमच्याकडे सर्रास येतात. मी सांगते, "दादा, खिशातून द्या." ऐकतात की नाही ते त्यांच्यावर. झिरो डेप असेल तरी ते हजार रुपये आणि बोनस जायचा तो जातोच, बोनस राखायचं वेगळं कव्हर घेतलं असेल तर गोष्ट निराळी. आणि झिरो डेपलाही बहुतेक पॉलिसीत वर्षाला दोन वगैरे क्लेमची मर्यादा असते, कागद वाचा.

क्लेम करायचाच असेल तर गाडी जिथे लागली तिथेच चार बाजूंनी फोटो काढा, नंबरप्लेट दिसेल असे, आणि कंपनीला लगेच कळवा. सर्व्हे व्हायच्या आधी आम्हाला हात लावायला सांगू नका. दुसऱ्या कुणाला इजा झाली असेल तर पोलिसांत नोंद आधी. आमच्यासारख्या छोट्या गॅरेजमध्ये बहुधा कॅशलेस नसतं. आधी बिल भरायचं, मग कंपनी तुमच्या खात्यात देते. म्हणून जीएसटीचं पक्कं बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सगळ्या पार्टवर १८ टक्के जीएसटी आहे, आधी बऱ्याच पार्टवर २८ होता. कुणी जुन्या दराने लावत असेल तर विचारा. मजुरीवर १८ टक्केच.

अजून एक. "वहिनी, मागचा जुना पोचापण ह्यातच घाला की." नाही घालत. दोन वेगळ्या घटना म्हणजे दोन वेगळे क्लेम. सर्व्हेअरला चऱ्याची दिशा, गंज, आत साचलेली धूळ, सगळं दिसतं. त्याने एकदा शंका घेतली की खरं नुकसानही अडकतं. एका ठिकाणी असं करून दिलेल्या गाडीचा सगळाच क्लेम फेटाळला गेला, मग ती गाडी तशीच आमच्याकडे आली आणि मालकाने पूर्ण पैसे खिशातून भरले.

गाडी ताब्यात घ्यायची ती सकाळी, कोरडी असताना. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली आणि नुकतीच धुतलेली गाडी कुणाचीही चांगलीच दिसते. पॅनेलच्या कडेला डोळा लावून लांबवर बघा, समोरच्या इमारतीचं किंवा विजेच्या तारेचं प्रतिबिंब त्यात सरळ दिसलं पाहिजे, लहरलं तर पत्रा किंवा लांबी नीट नाही. थोडा खरबरीतपणा कारखान्याच्या रंगातही असतो, त्यावरून भांडू नका. ओघळ आला असेल तर मात्र घासून पॉलिश करून द्यायला लावा, तो त्यांचा दोष. खिडकीच्या रबरावर, टायरवर, हेडलाइटच्या काचेवर रंगाचे तुषार आहेत का बघा. दाराच्या आणि फेंडरच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. फ्रिजवरचं छोटं चुंबक कापडात गुंडाळून पॅनेलवर ठेवा, शेजारी घट्ट धरलं आणि इथे घसरलं तर खाली लांबी जाड आहे. पैसे देण्याच्या आधी बघा, नंतर नाही.

एक जागा कुणीच बघत नाही. दार उघडा, खाली वाका, दाराच्या तळाला लांबट भोकं असतात, पाणी बाहेर जायची. काम करताना ती लांबीने किंवा रंगाने बुजतात. मग काचेच्या फटीतून आत गेलेलं पावसाचं पाणी दारातच साचतं आणि दार आतून कुजत वर येतं. काडी घालून बघा, आरपार जायला हवी. जुनी गाडी घेतानाही हाच भाग आणि रनिंग बोर्डाची, म्हणजे दाराखालच्या आडव्या पट्टीची, आतली कड बघा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्या वरून सुंदर रंगवून विकल्या गेल्या, पण तळाच्या शिवणीतला गंज लपत नाही.

पूर्ण गाडीच रंगवायचा विचार असेल तर छोट्या गाडीला नीट टू-केमध्ये चाळीस हजारांच्या आसपास धरा. माझं मत विचाराल तर करू नका. दोन पॅनेल खराब असतील तर दोनच करा. पूर्ण रंगवलेल्या गाडीकडे घेणारा संशयानेच बघतो. रंगच बदलायचा असेल तर आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नोंद करावी लागते, ते विसरू नका.

नव्या रंगाला पहिला आठवडा प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका, महिनाभर वॅक्स, टेफ्लॉन, सिरॅमिक काही लावून घेऊ नका. रंग आतून अजून वाळत असतो. पक्ष्याची घाण दिसली की त्याच दिवशी पाण्याने काढा. जोतिबाला चैत्रात जाणार असाल तर रंगाचं काम यात्रेनंतर ठेवा. नाही जमलं आणि गुलाल पडलाच, तर फडक्याने पुसायचा नाही. आधी भरपूर पाणी ओतून वाहू द्यायचा, मग हात लावायचा.

निघताना उरलेला बेस कोट मागून घ्या. हार्डनर न मिसळलेला असतो, छोट्या काचेच्या बाटलीत घट्ट झाकणाने बरेच दिवस टिकतो. बाटलीवर कलर कोड आणि तारीख लिहून घरात सावलीत ठेवा, गाडीच्या डिकीत नको. पुढे खडीने रंगाचा टवका उडाला की मूळ डब्यातलाच रंग ब्रशने लावता येतो.